तिकिटावरची अनघा

"सॉरी अंकल, कॅनॉट," काउंटरवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिने माझा पासपोर्ट पुन्हा आमच्या बाजूला सरकवला.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सकाळचे आठ वाजले होते. विमान दहाला सुटणार होतं, मधे एका वाळवंटातल्या विमानतळावर बदलायचं होतं आणि संध्याकाळी आम्ही व्हिएन्नात पोहोचणार होतो. माझ्या नवऱ्याच्या, प्रबोधच्या हातात त्याचं निळं फोल्डर होतं. त्यात तिकिटं, हॉटेल, विमा, संग्रहालयं अशा चिठ्ठ्या लावलेले कप्पे होते. गेले चार महिने तो हे फोल्डर मांडीवर घेऊन जेवत होता. मी मदत करू का म्हटलं की सांगायचा, "पंचवीस वर्षं तूच सगळं बुकिंग केलंस. या वेळी तू फक्त यायचं." त्याचं मला कौतुक वाटलं होतं. आता मात्र ते फोल्डर त्याच्या हातातून हिसकावून घ्यावंसं वाटत होतं.

तिकिटावर नाव होतं अनघा देवस्थळी. पासपोर्टवर होतं सुनेत्रा प्रबोध देवस्थळी. पासपोर्टचा नंबर बरोबर, जन्मतारीख बरोबर, नाव मात्र दुसऱ्याच बाईचं. आदल्या दिवशी घरून चेक-इन करताना प्रबोधचं आणि आमच्या मुलीचं, श्रियाचं झालं, माझ्यापुढे 'काउंटरवर भेटा' असं आलं. प्रबोध म्हणाला, कुणाला तरी उगाच निवडतात, आपल्यातून तुला निवडलंय. मीही ऐकून घेतलं आणि ठेपले गुंडाळायला गेले.

ही गोष्ट सिंगापूरच्या मुलीला समजावणं सोपं नव्हतं. प्रबोध समजावत होता आणि मी बाजूला उभी होते. तो सांगत होता की आमच्यात लग्नानंतर बायकोचं नाव बदलतात. फक्त आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा. मुलीने विचारलं, सगळ्यांचं? प्रबोध म्हणाला, आता नाही, पूर्वी. मग ते कागदावर का बदललं नाही, असं तिने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. मी बुकित बातोकच्या एका क्लिनिकमध्ये काउंटरवर बसते. मीही हेच विचारलं असतं.

कागदावर बदललं नाही, कारण राहून गेलं. लग्न झालं तेव्हा मी पुण्यात एका लॅबमध्ये नोकरीला होते. डिग्री सुनेत्राची होती, नोकरी सुनेत्राची होती. देवस्थळींच्या घरात मात्र थोरली सून आधीपासून सुनेत्राच होती. घरात दोन सुनेत्रा असल्या तर हाक कुणाला मारली ते कळायचं कसं, असं सासूबाई म्हणाल्या. मग लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाच्या ताटात प्रबोधने अंगठीने 'अनघा' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि झालं. गॅझेटमध्ये नाव छापून आणायचं होतं, त्यासाठी कुणीतरी फॉर्मही आणला होता. पण तेवढ्यात प्रबोधची बदली झाली, मग सिंगापूरची नोकरी आली, पासपोर्ट घाईत काढावा लागला आणि त्यात आडनाव बदललं, पहिलं नाव मात्र डिग्रीवरचंच राहिलं. पुढे आम्ही इथले नागरिक झालो, तेव्हा लाल पासपोर्टावरही तेच नाव चढलं. मला कधी अडचण आली नाही, कारण तिकिटं मी काढायचे आणि माझं कागदावरचं नाव मला पाठ होतं.

प्रबोध पाया लेबारला एका बँकेच्या ऑफिसात बसतो. खातं उघडायला येणाऱ्यांचे कागद तपासणं हे त्याचं काम. बापाच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो अर्ज परत पाठवतो. घरी येऊन ते रंगवून सांगतोही: आज एका मोठ्या माणसाला कसा परत पाठवला, तो कसा चिडला, मी कसा शांत राहिलो. एकोणीस वर्षं तो लोकांना सांगत आलाय की तुम्ही तुम्हीच आहात याचे दोन पुरावे आणा. आता त्याच्या बायकोचा एकही पुरावा त्याला सापडत नव्हता.

त्याने फोनमधून विवाहाचा दाखला काढला. त्यावर सुनेत्राच होती, फक्त माहेरच्या आडनावाने. मग त्याने आमच्या फ्लॅटचे कागद दाखवले. त्यावरही सुनेत्रा. मुलगी हे सगळं नीट बघत होती आणि प्रत्येक कागदानंतर जास्तच नम्र होत होती. अनघाचा एकही कागद नव्हता. वीजबिल नाही, लायब्ररीचं कार्ड नाही, दवाखान्याची चिठ्ठी नाही. मी उभ्या उभ्या आठवून बघत होते आणि मला एकही सापडेना. दारावरच्या पाटीवर तेवढी आहे, पण ती पाटी प्रबोधने मुस्तफा मॉलच्या शेजारच्या दुकानातून करून आणली होती.

"थांबा, माझ्याकडे एक आहे," श्रिया म्हणाली. ती वीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत शिकते. तिने मागच्या वर्षी आमच्या लग्नाचा अल्बम स्कॅन करून ठेवला होता. तिने फोनवर फोटो मोठा केला आणि त्या मुलीपुढे धरला. चांदीचं ताट, पांढरे तांदूळ, त्यात बोटभर रुंदीची अक्षरं. "धिस वन इज हर नेम. माय डॅड रोट इट. अ‍ॅट द वेडिंग."

मुलीने फोटो बघितला. शेजारच्या काउंटरवरची मुलगीही वाकून बघायला आली. मग आमच्या काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून खरोखर वाईट वाटून म्हणाली, "आंटी, सो नाइस. बट आय कॅनॉट टेक राइस, लाह."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं, पण प्रबोधचा चेहरा बघून मी ते आवरलं. तो आता सुपरवायझरला बोलवा म्हणत होता. त्याचा आवाज चढला होता. घरी पंखा बंद ठेवला म्हणून चढतो तसाच. सुपरवायझर आला, त्यानेही तेच सांगितलं. नावातली चूक दुरुस्त होते, अख्खं नाव बदलता येत नाही. तो म्हणाला, ही दुसरी प्रवासी आहे. या विमानात एक जागा शिल्लक आहे. हवी असेल तर मिसेस सुनेत्रांसाठी नवं तिकीट काढा. विमान भरायला फार वेळ नव्हता.

नव्या तिकिटाचा आकडा मी इथे सांगत नाही, कारण तो प्रबोधने मला अजून सांगितलेला नाही. त्याने कार्ड पुढे केलं. फॉर्मवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याने माझा पासपोर्ट उघडून समोर ठेवला आणि त्यात बघून बघून अक्षरं उतरवली. मी ते पाहिलं. तोपर्यंत मला नुसती चीड होती. ही चूक कुणाचीही झाली असती, असं मी स्वतःला सांगत होते. पण तो माझं नाव बघून लिहितोय हे पाहिल्यावर ते मला पटेना.

"अगं, हात तसा गेला टाइप करताना," इमिग्रेशनकडे चालताना तो म्हणाला. "मनात अनघाच असतं ना. त्यात काय एवढं?"

सॉरी मात्र म्हणाला नाही. विमानतळावर आहोत, तिकीट मिळालं, चला, असा त्याचा एकूण सूर होता. श्रियाने माझी पिशवी घेतली.

विमानात ती दोघं बावीस नंबरच्या रांगेत होती. मला सत्तेचाळीस मिळाली, मधली सीट. एका बाजूला खिडकीशी झोपलेला माणूस होता, दुसऱ्या बाजूला एक बाई आपल्या बाळाला मांडीवर नाचवत होती. विमान सुटून तासभर झाला असेल, तेवढ्यात प्रबोध रांगांमधून धरत धरत मागे आला. त्याच्या हातात माझ्या आवडीचं लिंबू-मिरचीचं शेंगदाण्याचं पाकीट होतं.

"तिथली सीट रिकामीच आहे," तो म्हणाला. "मधली. कुणी आलंच नाही. मी एअर होस्टेसला विचारलंय, बसू शकतेस. चल."

"कुणाची सीट आहे ती?"

"कुणाची म्हणजे? आपलीच. अनघा..." तो थांबला. बाळाची आई आमच्याकडे बघत होती.

"मी इथेच बसते," मी म्हणाले. "माझ्या बोर्डिंग पासवर सत्तेचाळीस लिहिलंय."

तो पाकीट माझ्या मांडीवर ठेवून परत गेला. मी चिडून म्हटलं होतं हे खरं, पण नंतर त्या मधल्या सीटवर बसून मला बरंच आठवलं. पंचवीस वर्षांत मला नाव बदलल्याचा राग कधी आला होता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. तेव्हा सगळ्यांचीच बदलायची. मैत्रिणी कौतुकाने नवी नावं सांगायच्या. अनघा हे नाव मला आवडलंही होतं. प्रबोधने पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा मी लाजले होते.

फक्त एक गोष्ट खुपली होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. माझी आई मला नेहमी पूर्ण नावाने हाक मारायची. सुनू नाही, सुनी नाही, सुनेत्रा. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला जावई आले तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अनघा, पाट मांड." मी पाटच मांडला. जावयांसमोर चुकायला नको म्हणून तिने सवय करून घेतली आणि मग ती सवय तिला लागूनच गेली. शेवटी दवाखान्यात होती, तेव्हाही मला अनघाच म्हणाली. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. क्लिनिकमध्ये डॉक्टर मला मिसेस देव म्हणतात, कारण अख्खं आडनाव त्यांना जमत नाही. पेशंट आंटी म्हणतात. माझं नाव वर्षातून एखाद्या वेळी एखाद्या खिडकीमागचा अनोळखी माणूस घेतो, तेही शिक्का मारण्यापुरतं.

मला काय हवं होतं, तेही तिथेच कळलं. तिकिटाचं तिकिटापाशी. प्रबोधने मला एकदा माझ्या नावाने हाक मारावी, एवढंच. तेही पासपोर्ट समोर न धरता.

व्हिएन्नाला पोहोचेपर्यंत सगळेच वैतागलो होतो. मधल्या विमानतळावर तीन तास चकचकीत खुर्च्यांवर काढले होते आणि पुढच्या विमानातही मी वेगळीच बसले होते. व्हिएन्नाच्या विमानतळावर गाडीच्या तिकिटाचं मशीन आधी जर्मनमध्ये बोललं. प्रबोधने त्याला दोनदा दाबून इंग्रजीत आणलं, तर त्याने कार्ड परत फेकलं. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईने पुढे होऊन दोन बटणांत काम केलं. प्रबोधने तिचे आभार मानले, पण माझ्याकडे असं बघितलं की जणू तिला मीच बोलावलं होतं. गाडीत श्रियाने कानात हेडफोन घातले आणि आमच्या दोघांच्या मधली जागा पिशव्यांनी भरून टाकली.

हॉटेलमध्ये प्रत्येकाला एकेक फॉर्म भरायचा होता. नेहमीप्रमाणे तिन्ही फॉर्म प्रबोधने आपल्यासमोर ओढले. त्याचा झाला, श्रियाचा झाला. तिसऱ्याशी पेन थांबलं. मग त्याने तो फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि खिसे चाचपत म्हणाला, "तू भर तुझा. मला चष्मा सापडत नाहीये." चष्मा त्याच्या कपाळावर होता.

खोलीत सामान टाकून आम्ही लगेच निघालो. एका रेस्टॉरंटमध्ये साडेआठचं टेबल ठरवलेलं होतं. बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी याच तारखेला आमचं लग्न झालं होतं आणि पहिल्या संध्याकाळी तिथेच जेवायचं, हे फोल्डरमध्ये लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. बाहेर अजून लख्ख उजेड होता. सिंगापूरला वर्षभर सातच्या सुमाराला गपकन अंधार पडतो. त्यामुळे साडेआठला इमारतींच्या माथ्यावर पिवळं ऊन बघून डोळे दिपत होते. शहर सुंदर होतं. पण ते बघायला जो जीव लागतो तो माझ्यात उरला नव्हता.

रेस्टॉरंट छोटं होतं, टेबलं रस्त्यावरच मांडली होती. श्रियाने मागवलं ते मी खाल्लं, पण काय खाल्लं ते आठवत नाही. प्रबोध उद्याचा कार्यक्रम सांगत होता. नऊला राजवाडा, अकराला अमुक. मी काटा खाली ठेवला.

"प्रबोध, मला एकदा हाक मार."

"म्हणजे?"

"माझं नाव घेऊन. पासपोर्टावरचं."

तो हसला. मी हसत नाही म्हटल्यावर त्याचंही हसू गेलं. त्याने श्रियाकडे बघितलं. ती ग्लासातल्या पाण्याकडे बघत होती.

"अगं, असं कसं एकदम," तो म्हणाला. "चुकलं ना माझं. दिवसभर तेच चाललंय."

"चुकलं ते तिकिटाचं. ते झालं. मी नावाचं म्हणतेय."

त्याने तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी बघत होते. पहिलं अक्षर ओठांपर्यंत आलंही. मग त्याने मान हलवली. "नाही जमत गं. वहिनीला हाक मारतोय असं वाटतं. सुनेत्रा म्हटलं की मला वहिनीच दिसते, खरं सांगतो."

तो खोटं बोलत नव्हता. मोठ्या दिरांच्या बायकोने याला लहानपणापासून जेवू घातलंय, शाळेचे डबे दिलेत. ती बाई चांगली आहे, अजून दिवाळीला मला फोन करते. तिच्यावर रागावून काय करू? पण तिच्याकडे माझं नाव होतं, माझ्याकडे नव्हतं आणि नवऱ्याच्या तोंडी ते आणायलाही मला तिची आठवण आड येत होती. मला एकदम रडू येईल असं वाटलं. भर रस्त्यात, परदेशात, मुलीसमोर रडायचं नव्हतं. मी पर्स उचलली, जेवण झालं म्हणाले आणि चालू लागले.

"आई, वेट लाह," श्रिया म्हणाली. मी थांबले नाही. बिल द्यायचं होतं, म्हणून त्यांना उठायला वेळ लागणार हे मला माहीत होतं.

रस्ता दगडी होता आणि माझ्या चपला त्याच्यासाठी नव्हत्या. दोन्ही बाजूंना माणसं चालत होती, कुणी आइस्क्रीम खात, कुणी कुत्रा घेऊन. ट्रामच्या रुळांपाशी रस्ता फुटत होता. मी रूळ ओलांडून डावीकडे वळले, कारण बहुतेक माणसं तिकडे जात होती. चालता चालता श्वास जाग्यावर आला. घरी असते तर एव्हाना झोपले असते, उद्या क्लिनिक सातला उघडायचं असतं. आमचे म्हातारे पेशंट वांग चाचा सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसलेले असतात, त्यांना नाव विचारलं की दर वेळी आपलं पूर्ण नाव ते मोठ्याने, ताठ बसून सांगतात. असं काहीबाही मनात येत होतं.

मागून कुणीतरी हाका मारत होतं. पुरुषाचा आवाज, बराच लांबून. "सुनेत्रा!" मग थोड्या वेळाने पुन्हा, जरा जवळून, घसा फाटल्यासारखा. मला वाटलं, बघा, इथेही आपली माणसं आहेत. कुणाची तरी बायको पुढे गेलेली दिसते. बिचारा कधीचा ओरडतोय आणि ती बाई वळूनही बघत नाहीये. एका दुकानाच्या काचेत लाकडी बाहुल्या मांडल्या होत्या, त्या बघायला मी थांबले. आवाज आणखी दोनदा आला. मी पुढे निघाले.

श्रियाने धावत येऊन माझा दंड धरला. तिला धाप लागली होती.

"आई," ती म्हणाली. "बाबा किती हाका मारतायत तुला. यू नेव्हर हिअर, आह?"

मी वळून बघितलं. प्रबोध ट्रामच्या रुळांच्या पलीकडे उभा होता. शर्टाची एक बाजू पँटबाहेर आली होती, फोल्डर काखेत होतं, तोंड लाल झालं होतं. आजूबाजूचे दोघेतिघे त्याच्याकडे बघत होते. भर चौकात तो इतक्या मोठ्याने कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. मीही त्याच्याकडे बघत राहिले. आमच्या मधून एक ट्राम गेली, ती गेल्यावरही तो तिथेच होता.

मी रूळ ओलांडून त्याच्याजवळ गेले. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं. कुठलं नाव घ्यावं हे त्याला कळत नव्हतं. मलाही सांगता आलं नसतं.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "हॉटेल या बाजूला आहे."